अडगळीच्या खोलीची खिडकी

६ ऑगस्ट

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

चिंगीला दुसरा दात आला. पहिला आला तेव्हा तू लिहिलं होतंस की दुसरा आला की नक्की येते, म्हणून ही बातमी सगळ्यात आधी. आता तिसऱ्यावर ढकलू नकोस. आई गेल्यावर मला तूच वाढवलंस, तेव्हा चिंगीची आजी म्हणजे तूच. आणि ही आजी आठ महिने नातीला नुसती फोटोत बघते आहे. शेजारच्या बाई परवा विचारत होत्या की आजी परदेशात असते का. मी हो-नाही असं काहीतरी पुटपुटलो.

बागेकडची खोली रंगवून झाली. रंग हिने निवडला, पडदे हिने शिवले, मी फक्त खिळे वाकडे मारले. खाली बसायला बाक आहेत, दूधवाला दारात येतो, आणि इमारतीला लिफ्ट आहे. ती मीच बसवलेली, त्यामुळे बंद पडली तर शिव्या घरातल्या घरात देता येतील. तुझा पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा कुठे ठेवायचा तेही ठरवलंय, कारण त्याच्याशिवाय तू पाऊल उचलणार नाहीस हे मला ठाऊक आहे. दिवसभर मी अनोळखी माणसांची वर-खाली जायची सोय करतो आणि माझी मावशी मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर एकटी. हे बरं दिसत नाही आणि बरं वाटतही नाही. कायमची इकडेच ये. तेवढं जमत नसेल तर चार दिवस तरी ये.

हिचा नमस्कार. चिंगीने या पत्राचा कोपरा खाल्ला आहे, तो तिचा नमस्कार समज.

तुझा लोभ आहेच. तो आता इथे येऊन करावास, एवढंच मागणं.

तुझा
लंबू


तिसरा मजला
१४ ऑगस्ट

चि. लंबूस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं, खाल्लेल्या कोपऱ्यासकट. दात चांगले पक्के दिसतात. नातीचे माझ्या वतीने पापे घे आणि तिला सांग की आजी येणारच आहे, फक्त हातातलं काम उरकू दे. शाळेचे नकाशांचे जाडे ग्रंथ बांधायला आलेत. एकेकाची शिवण उसवलेली, पाठ निसटलेली, महासागर एकीकडे आणि खंड दुसरीकडे. ते असे टाकून कशी येऊ? त्यातून मांजर व्यायला टेकली आहे. तिच्याकडे कोण बघणार?

बरं, ते राहू दे, इथली मजा ऐक. आपल्या इमारतीला भंगाराचं वेड लागलंय. कल्पना दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंची. घराघरातली रद्दी, बाटल्या, डबे उगाच कचऱ्यात जातात. ते साठवायचे, निवडायचे, एकदम भंगारवाल्याला विकायचे आणि त्यातून इमारतीला लिफ्ट घ्यायची. प्रमुख कोण, तर तळमजल्यावरचे आपले मास्तर. स्टेशनमास्तर निवृत्त झाले, त्यांची शिट्टी काही झाली नाही. मागच्या अंगाला ती अडगळीची खोली आहे ना, जिच्यात तू गणिताच्या परीक्षेला दडून बसला होतास, तिथे माल ठेवायचं ठरलं. आत इमारत बांधल्यापासूनचं सामान कोंबलेलं. मोडक्या खुर्च्या, सायकलींचे सांगाडे, कुणाचे ते कुणालाच आठवत नाहीत असे खोके, पार छतापर्यंत. मास्तरांनी दाराशी जेमतेम जागा करून घेतली आणि पाट्या लावल्या. फलाट एक कागद, फलाट दोन काच, फलाट तीन पत्रा. न धुतलेली बाटली आणली की शिट्टी. झाकणासकट बरणी आणली की लांब शिट्टी.

आणि माणसं तरी काय एकेक! पहिल्या मजल्यावरचे बेकरीवाले आणि नर्सबाई यांच्यातून विस्तव जात नव्हता हे तुला माहीतच आहे. ते पहाटे दार आपटून बेकरीत निघायचे आणि या तेव्हाच रात्रपाळीहून येऊन आडव्या झालेल्या असायच्या. आता बेकरीवाले लोण्याचे रिकामे डबे घासून-पुसून दाराशी रचून ठेवतात, आणि रचलेले डबे कोसळू नयेत म्हणून दार अगदी अलगद लावतात. नर्सबाईंची झोप व्हायला लागली. खूश होऊन त्यांनी स्वतःच्या बरण्या त्यांच्या ढिगात घातल्या. त्याही कमी पडायला लागल्या तेव्हा बाई चमच्याने जॅम खात सुटल्या. मी त्यांना बजावलंय की अशाने लिफ्ट येईल तेव्हा त्या तिच्यात मावायच्या नाहीत.

कागदाचं खातं माझ्याकडे. संध्याकाळी एकेक जण गठ्ठा घेऊन वर येतो, टेकतो, चहा पितो, आणि निवडायला म्हणून बसला की उठायचं नाव घेत नाही. चकचकीत कागद वेगळा, वर्तमानपत्र वेगळं, पुठ्ठा वेगळा. जाड पुस्तकांच्या पाठीचा वाळका सरस मी कापून टाकते, नाहीतर तो अख्खा गठ्ठा नासवतो. जन्मभर पुस्तकं बांधली, आता सोडवत बसले आहे. हाताला तेवढाच बदल.

मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगून टाकलंय की माझा भाचा लिफ्टवाला आहे, तो बसवेल, स्वस्तात आणि चोख. तेव्हा टेप घेऊन कधी येतोस ते कळव.

सूनबाईला आशीर्वाद. तुझ्यावर लोभ आहे. तुझ्या वाकड्या खिळ्यांवर नाही, हे ध्यानात असू दे.

तुझी
मावशी


२५ ऑगस्ट

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र हिला मोठ्याने वाचून दाखवलं. जॅमपर्यंत आम्ही दोघं पोट धरून हसत होतो. पुढे मात्र माझा आवाज खाली आला.

मावशी, आपल्या इमारतीत लिफ्ट बसणार नाही. शिकाऊ होतो तेव्हा पहिल्याच सुट्टीत मी टेप घेऊन आपला जिना वरपासून खालपर्यंत मोजला होता, तुला चकित करायचं म्हणून. मधल्या पोकळीत एखादा माणूस श्वास रोखून उभा राहील, बस्स. बाहेरून बसवावी तर पुढची भिंत रस्त्याला भिडलेली आणि मागे पाण्याच्या टाक्या. तेव्हा मी तुला काहीच बोललो नाही. त्यानंतर इतक्या ठिकाणी लिफ्ट बसवल्या, पण आपल्या घरी बसवता आली नाही याची चुटपुट काही गेली नाही.

तेव्हा लोकांना लवकर सांगून टाक. मास्तरांचा हिरमोड होईल, नर्सबाईंचा जॅम फुकट जाईल, पण जितका उशीर कराल तितकं जास्त लागेल. आणि म्हणूनच पुन्हा तेच लिहितो. इकडे ये.

अजून एक लिहू का? रागावू नकोस. अख्ख्या इमारतीचा कागद निवडायला तुला वेळ आहे. मांजरीच्या बाळंतपणाला वेळ आहे. चिंगीसाठी मात्र चार दिवस निघत नाहीत. मनात ठेवून गोड गोड लिहिण्यापेक्षा हे लिहून मोकळा झालेलं बरं, असं वाटलं.

लोभ आहे असं मी दर पत्रात धरूनच चालतो. या वेळी विचारतो आहे.

तुझा
लंबू


तळमजला
३ सप्टेंबर

(खासगी. मावशींना दाखवू नये.)

चि. लंबूरावांस,
स. न. वि. वि.

मी तळमजल्यावरचा मास्तर. लहानपणी तुम्ही माझ्या दारासमोर जिन्याच्या शेवटच्या पायऱ्या गाळून उडी मारीत असा आणि मी शिट्टी वाजवीत असे, यावरून ओळख पटावी. दुसऱ्याच्या घरात डोकावण्याची मला सवय नाही. परंतु गाडी चुकीच्या रुळावर जाताना दिसत असून गप्प बसणे हेही माझ्याने होत नाही.

माझी खुर्ची जिन्याशेजारी असते. कोण चढते, कोण उतरते हे मला न पाहता कळते. बेकरीवाल्यांचा डावा पाय जड पडतो. नर्सबाई दोन-दोन पायऱ्या घेतात. तुमच्या मावशींची पावले मात्र मी गेल्या हिवाळ्यापासून ऐकलेली नाहीत. विचारले असता त्या म्हणाल्या की मी डुलकी घेतो तेव्हा त्या जाऊन येतात. मी डुलकी घेत नाही. त्यांचे दूध, पाव, बांधायची पुस्तके हे सर्व खिडकीतून सोडलेल्या टोपलीने वर-खाली होते. रस्त्यावरच्या लोकांना ती त्यांची हौस वाटते.

खरी हकिकत नर्सबाईंकडून समजली. मावशींचे गुडघे गेले आहेत. सपाटीवर त्या व्यवस्थित चालतात, दिवसभर उभ्या राहून काम करतात. परंतु पायरी म्हटली की गुडघा धरतो. कसेबसे उतरता येईल, पुन्हा चढता येणार नाही. तुमच्याकडे यायला निघाल्या तर ते निघणे कायमचे होईल, ही त्यांची भीती आहे. आपले घर, आपले काम, आपली माणसे सोडून जाणे त्यांच्या जिवावर येते. आणि नातीला पाहिले नाही म्हणून जीव तुटतो. तिचा फोटो त्यांनी कामाच्या टेबलावर काचेखाली ठेवला आहे. तुमचे मागचे पत्र आले त्या संध्याकाळी त्यांनी एकही कागद निवडला नाही. प्रकृती विचारली तेव्हा मांजर आजारी असल्याचे सांगितले. मावशींकडे मांजर नाही.

आता लिफ्टविषयी. ती बसणार नाही हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. माझे लोखंडी कपाट या जिन्याने कधी वर गेले नाही, म्हणूनच मी तळमजल्यावर राहतो. नर्सबाईंनाही ठाऊक आहे. या वळणावर स्ट्रेचर फिरत नाही हे त्यांनी पाहिले आहे. बेकरीवाल्यांनी मला बाजूला घेऊन तेच सांगितले. परंतु मावशींनी लिफ्टची एवढी आशा धरली आहे की त्यांना हे सांगायला कोणी धजत नाही. शिवाय या निमित्ताने रोज संध्याकाळी त्यांच्याकडे माणसे जमतात आणि त्यांचे हसणे खालपर्यंत ऐकू येते. ते बंद व्हावे असे कोणालाच वाटत नाही.

भंगारवाल्याचा ट्रक १८ तारखेस सकाळी येत आहे. जमल्यास यावे. मावशींना रागावू नये.

आपल्याकडून लोभात खंड पडलेला नाही, तो तसाच चालू ठेवावा ही विनंती.

आपला
मास्तर


९ सप्टेंबर

ती. स्व. मास्तरकाकांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी दवाखान्याच्या अर्धवट बसवलेल्या लिफ्टमध्ये उभा राहून वाचलं आणि तिथेच खाली बसलो. मला वाटत होतं तिला यायचंच नाही. मागचं पत्र परत घेता येत असतं तर किती बरं झालं असतं.

लिफ्टचं म्हणाल तर तीही जाणून आहे. मी तिला स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे तिला वाईट वाटेल म्हणून तुम्ही गप्प, आणि तुमचा विरस होईल म्हणून ती गप्प. धन्य आहे तुम्हा सगळ्यांची!

१८ तारखेला मला हलता येणार नाही, त्याच दिवशी इथली लिफ्ट सुरू व्हायची आहे. पण ५ ऑक्टोबरच्या रविवारी व्हॅन घेऊन येतो. तिला पाठीवर घेऊन उतरेन आणि सामानासकट इकडे आणेन. आता दुसरा इलाज दिसत नाही. तिला घर सोडायचं नाही हे कळतंय, पण टोपलीच्या भरवशावर तिला एकटी ठेवू कशी? तोवर तिला काही सांगू नका, नाहीतर ती दाराला आतून कडी घालून बसेल.

तुमचे उपकार शब्दांत मावत नाहीत, म्हणून नुसता नमस्कार. माया अशीच राहू द्या.

तुमचा
लंबू


(मुक्काम कुठे ते पुढे कळेल)
२२ सप्टेंबर

चि. लंबूस,
अ. उ. आ.

५ तारखेच्या रविवारी व्हॅन घेऊन येऊन मला पाठुंगळी नेणार आहेस, असं कळलं. मास्तरांच्या पोटात गोष्ट राहते ती फक्त ट्रक येईपर्यंत. त्यांच्यावर चिडू नकोस, मीही चिडले नाही. तू मागच्या पत्रात लिहिलंस ते मला लागलं, पण तुझी काही चूक नव्हती. मीच खोटं लिहीत होते. गुडघ्यांबद्दल कळलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी मला उचलून नेलं असतंस, आणि मला जायचं नव्हतं. म्हणून मांजर आणली. तिचं बाळंतपण लांबवून लांबवून माझी मलाच लाज वाटायला लागली होती. तर मांजर संपली. आता खरं काय झालं ते ऐक.

१८ तारखेला सकाळी ट्रक आला. तो वेळेवर आला नाही, म्हणून मास्तरांनी विलंबाबद्दल क्षमस्व असं रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं. मी खिडकीत बसून बघत होते. काच चढली, पत्रा चढला. कागदाची पाळी आली तेव्हा भंगारवाल्याच्या माणसाने दोन गठ्ठे नुसते पायाने ढकलले आणि सगळा मिसळलेला माल आहे म्हणून तोंड वाकडं केलं. माझा कागद मिसळलेला! मी वरून ओरडले, तो खालून ओरडला, मास्तरांनी शिट्टी फुंकली, काही उपयोग नाही. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की गुडघे वगैरे मी विसरूनच गेले. मला आत्ताच्या आत्ता खाली न्या, असं फर्मान सोडलं.

बेकरीवाले आणि नर्सबाई धावत वर आले. मला खुर्चीत बसवलं, एकाने पुढून धरलं, एकीने मागून, आणि निघाली आमची स्वारी. दुसऱ्या मजल्याखालच्या वळणावर खुर्ची अडकली. पुढे जाईना, मागे येईना. मी मध्ये लोंबकळते आहे, बेकरीवाले घामाघूम, आणि नर्सबाई वैतागून बोलून गेल्या की इथे साधी खुर्ची वळत नाही, तिथे लिफ्ट कुठली डोंबलाची बसणार! बोलल्या आणि जीभ चावली. मग बेकरीवाले हळूच म्हणाले की त्यांना हे आधीपासून माहीत होतं. खालून मास्तरांनी वर तोंड करून सांगितलं की त्यांनाही. शेवटी मी कबूल केलं की मलाही. तू टेप घेऊन जिना उतरलास आणि तोंड पाडून वर आलास, त्याच दिवशी मी ओळखलं होतं. म्हणजे अख्खी इमारत एका न होणाऱ्या लिफ्टसाठी बाटल्या धूत होती आणि प्रत्येक जण दुसऱ्याचं मन राखत होता! असे हसलो, लंबू, की नर्सबाईंच्या हातातून खुर्ची निसटली आणि त्या धक्क्याने ती वळणातून सुटली. तशीच हसत हसत मी रस्त्यावर पोचले. मला समोर बघून भंगारवाल्याच्या माणसाने मुकाट्याने गठ्ठे उचलले. भांडायचं राहूनच गेलं.

मग मास्तर म्हणाले की ट्रकमध्ये जागा आहे, तर अडगळीची खोलीही एकदाची रिकामी करून टाकू. खुर्च्या, सायकली, खोके, सगळं निघालं. शेवटचा खोक्यांचा ढीग हलला आणि मागे खिडकी दिसली. चांगली मोठी, पूर्वेची खिडकी. काच धुळीने भिंतीच्या रंगाची झालेली, त्यामुळे इतकी वर्षं तिथे खिडकी आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. मास्तरांनी फडक्याने काच आतून-बाहेरून पुसली आणि खोलीभर ऊन आलं. कोपऱ्यात नळ आहे, पलीकडे छोटी मोरी आहे, पूर्वी पहारेकरी राहत असेल. आणि उंबऱ्याला पायरी नाही. रस्त्यावरून बाजूच्या बोळाने सरळ आत.

सगळे दाराशी उभे होते. मी चालत आत गेले, माझ्या पायांनी. खिडकीखाली हात लावून पाहिला आणि म्हटलं की माझा शिकंजा इथे राहील. तेवढ्यात मास्तरांनी शिट्टी वाजवली, गाडी सोडताना वाजवतात तशी, लांबलचक. आणि मला रडू आलं. मी आपलं धूळ फार आहे म्हणून सांगितलं.

भंगाराचे पैसे लिफ्टला पुरणार नव्हतेच. फरशी, खिडकीची नवी काच आणि मोरीचं दार एवढ्याला बरोब्बर पुरतायत. वरच्या माझ्या घरात नर्सबाईंची धाकटी बहीण भाड्याने येईल. काम होईपर्यंत मास्तरीणबाईंनी बाहेरच्या खोलीत माझा बिछाना घातलाय. मास्तर खरंच डुलकी घेत नाहीत, मी पाहिलं.

तेव्हा बाळा, व्हॅन घेऊन जरूर ये, पण मला न्यायला नको. दोर आणि कप्पी आण. शिकंजा आणि माझं कपाट या जिन्याने उतरायचं नाही. तुझी व्हॅन रिकामी परत जाईल याचं वाईट वाटून घेऊ नकोस. मी तुझ्यावर माया करते म्हणून माझं घर सोडावं असं काही नसतं. हे तुला समजेल, कारण तुला मीच वाढवलंय.

रागावला असशील तर राग तिथेच ठेवून ये. लोभ तेवढा बरोबर आण.

तुझी
मावशी


८ ऑक्टोबर

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. दंड अजून ठणकतायत. तुझा शिकंजा नुसत्या लोखंडाचा नसावा, त्यात तुझा हट्टही ओतलेला असावा. तरी काय झकास उतरला! तिसऱ्या मजल्याच्या खिडकीला कप्पी, खाली बेकरीवाले दोर धरून, आणि मास्तर प्रत्येक मजल्याला गाडी पोचल्याची घोषणा देतायत. अखेर मी आपल्या इमारतीत लिफ्ट बसवलीच, आणि संध्याकाळपर्यंत काढूनही घेतली. इतकं छोटं काम आयुष्यात केलं नव्हतं आणि इतका चहाही कुठल्या कामावर मिळाला नव्हता.

तुझी खोली छान आहे. मी खोट काढायच्या तयारीने आलो होतो, पण सापडली नाही. निघताना तू दारात उभी होतीस, मागे खिडकीतून उजेड, आणि बोळातून जाणारी माणसं तुला नावाने हाक मारत होती. तेव्हाच कळलं की तुला उचलून आणली असती तर मी फार मोठी चूक केली असती. खरं सांगतो, परत येताना आनंदही झाला आणि रडूही आलं. व्हॅन रिकामी खडखडत होती.

घरी आल्यावर हिने बागेकडच्या खोलीचं दार ओढून घेतलं. पुढच्या महिन्यात तिथे माझी हत्यारं आणि चिंगीची खेळणी हलवू असं ठरतंय. चिंगीला ताप होता म्हणून तिला आणता आलं नाही, याची हुरहूर अजून आहे. ती बरी आहे. तिसरा दात आला. या वेळी तू काही कबूल केलेलं नव्हतंस, म्हणून नुसतं कळवतो.

तुझा लोभ पूर्वेच्या खिडकीतून इकडेही थोडा पोचत राहो.

तुझा
लंबू


तळमजला, मागची खोली
१९ ऑक्टोबर

चि. लंबूस,
अ. उ. आ.

वरचा पत्ता नीट बघ, पुन्हा तिसऱ्या मजल्यावर पत्र धाडशील तर नर्सबाईंची बहीण वाचेल. ती वाचते, मी पाहिलंय.

इथे माझं दुकानच थाटलंय. येणारा-जाणारा खिडकीत डोकावतो. उसवलेली पुस्तकं लोक थेट हातात आणून देतात, टोपलीला सुट्टी. नकाशांचे ग्रंथ बांधून झाले, खंड आणि महासागर आपापल्या जागी गेले. फलाट आता जिन्याखाली हलवलेत आणि पुढच्या खेपेच्या पैशांतून कोपऱ्यावरच्या बागेत बाक घ्यायचं ठरलंय. बाक बसेल की नाही हे या वेळी सगळ्यांनी आधी मोठ्याने विचारून घेतलं.

रोज संध्याकाळी मी कोपऱ्यापर्यंत चालत जाते आणि चालत परत येते. पहिल्या दिवशी दुधाच्या दुकानापाशी उभी राहून मी नुसती माणसं बघत होते. दुकानदाराने काय हवं ते विचारलं, तेव्हा काही नको म्हटलं आणि तरीही तिथेच उभी राहिले.

आता कामाचं. त्या खोलीत हत्यारं-बित्यारं काही हलवायची नाहीत. तू तिला माझी कायमची खोली समजलास आणि मी ती कायमची म्हणूनच तिला भ्यायले. दोघांनाही सुचलं नाही की ती पाहुणीची खोलीही असू शकते. मला जाता येत नव्हतं, कारण परत येता येत नव्हतं. आता येतं. शनिवारी २५ तारखेला सकाळच्या गाडीने निघते. गाडी मास्तरांनी निवडली आहे. डबा, खिडकी आणि कुठल्या बाजूला ऊन येणार तेसुद्धा त्यांनी ठरवून टाकलंय. स्टेशनवर घ्यायला ये. तुझ्या इमारतीत पायऱ्या किती ते विचारणार नाही, लिफ्ट तुझी आहे. वाकडे खिळे काढून नीट मारीन, सूनबाईला आयतं जेवायला घालीन, आणि चिंगीचा चौथा दात माझ्यासमोर येईपर्यंत हलणार नाही.

सगळ्यांवर जीव आहेच. तो कितपत आहे ते शनिवारी तोंडानेच सांगते.

तुझी
मावशी

ता. क. नवीन कुलूप आणलंय. वर राहायचे तेव्हा आतून कडी असायची. बाहेरून कुलूप लावायची वेळच आली नाही, आणि जुनं होतं ते गंजून ट्रकमधून गेलं. शनिवारी हे बाहेरून लावीन. मास्तर किल्ली सांभाळायला मागत होते, दिली नाही. बरोबर आणते आहे. चिंगीला वाजवायला देईन, पण निघताना मागून घेईन.